मोरस

आमच्या गावाचे नाव सांगितले की भारतातली मंडळी आधी हसतात. "शुगर लँड? म्हणजे आपली साखरवाडीच की!" असे फलटणकडचे एक नातेवाईक म्हणाले होते, आणि त्यांचे काही चुकले नव्हते. ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला, ब्राझोस नदीच्या खोऱ्यात वसलेले हे गाव खरोखरच साखरेवर उभे राहिले. इंपीरियल शुगर कंपनीची रिफायनरी २००३ साली बंद झाली. पण १९२५ साली बांधलेली तिची लाल विटांची उंच इमारत अजून उभी आहे. हाडांच्या कोळशातून साखरेचा पाक गाळून तो पांढरा करायचे काम तिथे चाले. येता-जाता ती दिसते.

मी संगणकाच्या धंद्यातला माणूस. डॉक्टरेट केली ती इंजिनियरिंगमध्ये. इतिहासाशी संबंध दहावीच्या परीक्षेपुरता. तेव्हा हा लेख कोणा इतिहासकाराचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. एका शब्दाच्या मागे लागून मी कुठे जाऊन पोचलो, त्याची ही हकिकत आहे.

तो शब्द म्हणजे 'मोरस'. राजापूरजवळच्या आमच्या गावी माझी आजी साखरेला साखर म्हणत नसे. रोजच्या चहाला गूळ असे, पाहुणा आला की फडताळातला डबा निघे आणि ती आईला सांगे, "पाव्हण्यांच्या च्यात मोरस घाल गो." मोरस हे एखाद्या कंपनीचे नाव असावे, वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसे, अशी माझी कितीतरी वर्षे समजूत होती. खरे तर साखरेला आपण ती आली त्या मुलखाच्या नावानेच हाक मारत आलो आहोत. चीनवरून चिनी, मिसर म्हणजे इजिप्तवरून मिसरी, आणि मॉरिशसहून आली ती मोरस. ब्रिटिश अमदानीत मॉरिशसची पांढरी साखर मुंबई बंदरात उतरे. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला, त्यात ही मोरसही होती. पुढे तिचे येणे थांबले, पण शब्द मात्र आजीच्या डब्यात राहून गेला.

ही मोरस पिकवायला आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातून माणसे गेली होती, हे आजीला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

२०१७ साली आमच्या ऑफिसात एक नवा सहकारी आला. नाव उच्चारायला फ्रेंच, चेहरा थेट राजापूरच्या बाजारातला. तो निघाला मॉरिशसचा. गणपतीला मी त्याला घरी बोलावले. आरती सुरू झाली. आमची इथे वाढलेली मुले झेरॉक्सच्या कागदावरून रोमन अक्षरांतली आरती वाचत होती, आणि हा गृहस्थ डोळे मिटून, कागदाशिवाय, सगळी कडवी म्हणत होता. एक-दोन शब्द निराळे येत होते. प्रसाद घेताना मी मोठ्या उत्साहाने त्याचे उच्चार सुधारले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि इंग्रजीत म्हणाला, "चुकत असेल. पाच पिढ्यांत आम्हाला दुरुस्त करायला कोणी आलेच नव्हते." आणि मग विचारले, "याचा अर्थ काय होतो?"

मी अर्थ सांगितला खरा, पण माझा उत्साह ओसरला होता. शेजारी माझी मुलगी बसली होती, तेव्हा आठ वर्षांची. तिने नुकताच मराठी शाळेला जायला नकार दिला होता. रविवारची सकाळ वाया जाते हे एक कारण. दुसऱ्या कारणाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते: "बाबा, मराठी शिकून मी बोलणार कोणाशी?"

सोळा पायऱ्या

मॉरिशस हे हिंदी महासागरातले, मादागास्करच्या पूर्वेला असलेले, आफ्रिकेत मोडणारे छोटे बेट. डच लोकांनी १६३९ साली तिथे जाव्याहून ऊस आणला. १७१५ पासून फ्रेंचांचे राज्य आले, आणि त्यांनी मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणून मळे वाढवले. १८१० साली बेट इंग्रजांनी जिंकले. फ्रेंच मळेवाले तिथेच राहिले; त्यांची भाषा, त्यांचे कायदे आणि त्यांची साखर हे सगळे तसेच चालू राहिले.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. पुढची चार वर्षे माजी गुलामांना 'उमेदवार' म्हणून त्याच मळ्यांवर अडकवून ठेवले होते, आणि सुटका होताच बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. उसाला तर माणूस लागतो. हे अगोदरच ओळखून मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदराला लागले. इंग्रज सरकार याला 'महान प्रयोग' म्हणत असे. गुलामाऐवजी करारबद्ध मजूर आणून साखर पिकवता येते का, हे त्यांना बघायचे होते. प्रयोग यशस्वी झाला, आणि मग त्रिनिदाद, गयाना, नाताळ, फिजी सगळीकडे तीच रीत गेली. एकट्या मॉरिशसला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांवर माणसे गेली आणि त्यांतली बहुसंख्य तिथेच राहिली.

सर्वांत जास्त माणसे कलकत्त्याहून, म्हणजे बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून गेली, त्याखालोखाल मद्रासहून, आणि सर्वांत कमी मुंबईहून. सुरुवातीच्या गैरप्रकारांमुळे भरती काही काळ बंद होती. १८४२ नंतर ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा मुंबई बंदरही त्यात होते. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा, म्हणजे आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग धरून, मोठा भरणा होता. हे असे का, याचा माझा एक तर्क आहे. मुंबईची पहिली कापडगिरणी स्थापन झाली १८५४ साली. त्याआधी कोकणातल्या जास्तीच्या मुलाने जायचे कुठे? पलटण, गोदी, नाहीतर जहाज. गिरणीचा भोंगा वाजू लागला तसा कोकण्याला मुंबईचा रस्ता सापडला. त्याच्या आदल्या पिढीतल्या काहींना मोरसचा सापडला होता.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ पासून उभारलेल्या इमिग्रेशन डेपोच्या इमारतींचा काही भाग आजही शाबूत आहे. त्याला आता आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली युनेस्कोने तो जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. बंदरातून डेपोत चढायला सोळा दगडी पायऱ्या आहेत. त्या चढून गेले की कारकून बसलेला असे. तो नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा आणि गाव विचारी आणि कानाला ऐकू येईल तसे लिहून घेई. रत्नागिरीचे 'रत्नाघेरी' होई. मग एक नंबर मिळे. १८६० च्या दशकापासून फोटोही काढू लागले. हे सगळे दप्तर आज मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवले आहे, आणि मॉरिशसचे लोक तिथे जाऊन आपल्या पणजोबांचा उतारा काढून आणतात.

आपल्याकडच्या माणसाला तेव्हा आजच्यासारखे आडनाव लावायची सवय नव्हती. कारकुनाला तर रकाना भरायचा होता. त्यामुळे पणजोबाचे पाळण्यातले नाव हेच पुढे घराण्याचे आडनाव झाले, आणि तेही फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगात. माझ्या सहकाऱ्याचे नाव फ्रेंच का वाटे, ते मला तेव्हा कळले. एच-वन व्हिसाच्या फॉर्मवर 'मधले नाव' या रकान्यापाशी अडखळलेल्या आपल्या मंडळींना हे फार लांबचे वाटू नये!

उसातला दिवस

करार असे पाच वर्षांचा. सुरुवातीच्या करारात पुरुषाला महिना पाच रुपये आणि वर शिधा: तांदूळ, डाळ, मीठ, थोडे तेल, कधी सुकी मासळी. राहायला मळ्याच्या कडेला गवताने शाकारलेल्या झोपड्यांची रांग. तिला 'कॅम्प' म्हणत. पहाटे अंधारात घंटा होई, हजेरी होई आणि टोळ्या उसात जात. टोळीवर मुकादम असे, तोही बहुधा हिंदुस्थानीच. त्याला सिरदार म्हणत. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापत. या दुहेरी कपातीने कित्येकांचा महिना कोरडाच जाई.

कोकणातल्या शेतकऱ्याला ऊस काही अगदी नवा नव्हता, पण इथला पंचांगाचा घोळ नवा होता. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला. आषाढीला तिथे हिवाळा, आणि दिवाळी येते ती उन्हाळ्याच्या तोंडावर. भात लावायच्या दिवसांत ऊसतोडीचा हंगाम सुरू होई. जून-जुलैपासून वर्षाअखेरीपर्यंत कोयता आणि कारखाना चालू. गणपती आला की कामाचा जोर ऐन भरात. तरीही गणपती बसत राहिला, आणि आज गणेश चतुर्थी ही मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टी आहे. आपल्याला इथे गणपती जवळच्या शनिवारी-रविवारी ढकलावा लागतो, हे जाता जाता सांगतो.

जमीन ज्वालामुखीची, दगडांनी भरलेली. दगडाखाली सोने सापडते असे सांगून माणसे नेली, अशी आठवण तिकडे घरोघर सांगतात. सोने नव्हतेच. दगड मात्र हातांनी वेचून, बाजूला रचून शेते मोकळी करावी लागली. त्या दगडांचे काळे ढीग हिरव्या उसात अजून उभे आहेत. १८६६ पासूनच्या दोन-तीन वर्षांत मलेरियाच्या साथीने बेटावर हजारो बळी घेतले. १८९२ च्या एप्रिलमधल्या चक्रीवादळाने आणखी शेकडो. कराराबरोबर मिळणारे परतीचे तिकीटही १८५० च्या दशकापासून बंद झाले होते. मग माणसे राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साखरेचा भाव पडला, तेव्हा मळेवाल्यांनी हलक्या प्रतीचे तुकडे विकायला काढले. मजुरांनी पै-पै साठवून ते घेतले. कॅम्पांची गावे झाली.

मो, तो, ली

आता भाषेकडे वळतो, कारण मला खरे कुतूहल तिचे होते. रत्नागिरीहून आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात काय ऐकू येत असेल? साहेब फ्रेंच बोलणार, सरकारी कागद इंग्रजीत, शेजारच्या झोपडीत भोजपुरी, पलीकडे तमिळ किंवा तेलुगू, आणि गावातले माजी गुलाम बोलणार क्रिओल. अठराव्या शतकात मादागास्करचे, आफ्रिकेचे गुलाम आणि फ्रेंच धनी यांच्या व्यवहारातून ही क्रिओल घडली. शब्द बहुतांशी फ्रेंच, पण व्याकरण तिचे स्वतःचे.

माझ्या सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत मला ती शिकवायला घेतली. कॉम्प्युटरच्या माणसाला ही भाषा फार आवडावी. क्रियापद बदलतच नाही! 'मांझे' म्हणजे खाणे. 'मो मांझे' मी खातो. 'मो पे मांझे' मी खातो आहे. 'मो ती मांझे' मी खाल्ले. 'मो पू मांझे' मी खाणार. एक छोटा शब्द पुढे लावला की काळ बदलला. ना पुरुष, ना वचन, ना लिंग. 'ली' म्हणजे तो, ती आणि ते, तिन्ही. आपल्या तीन लिंगांनी पोळलेल्या परकीयाला हे वरदानच वाटेल.

मराठी कानाची मात्र फजिती ठरलेली. क्रिओलमध्ये 'तो' म्हणजे तू, आणि 'ती' ही भूतकाळाची खूण. 'तो ती मांझे' म्हणजे 'तू जेवलास'. मला ऐकू येई की कोणी एक तो, कोणी एक ती आणि मध्ये मांजर! रत्नागिरीच्या त्या पहिल्या माणसाचेही पहिले काही दिवस असेच गेले असतील, असे मनात येऊन मला हसू आले, आणि मग फारसे आले नाही. माझी चूक झाली तर सहकारी हसत असे. त्याची चूक झाली तर पगार कापला जात असे.

क्रिओलमध्ये पाणी म्हणजे 'दिलो', तांदूळ 'दिरी', साखर 'दिसिक', घर 'लाकाझ'. फ्रेंच नामाआधी जे उपपद लागते ते नामालाच चिकटून एक शब्द झाला आहे. असे केव्हा होते? शब्द डोळ्यांनी न पाहता फक्त कानांनी शिकला की होते. ज्यांनी ही भाषा घडवली त्यांच्या हाती कोणी पुस्तक दिले नव्हते. पण कोकणी माणसालाही ही विद्या नवी नव्हती. शेजारी गोव्यात पोर्तुगीज. त्यांच्याकडून पाव, चावी, मेस्त्री आणि खुद्द 'पगार' हे शब्द त्याने आधीच गिळून पचवले होते. परकी भाषा पोटासाठी शिकायची, व्याकरणासाठी नव्हे, हा धडा त्याने घरीच गिरवला होता.

तरी क्रिओल ही त्याची पहिली नवी भाषा नव्हती. पहिली होती भोजपुरी. कॅम्पात बहुसंख्य भोजपुरी बोलणारे. विहिरीवर, दुकानात, सिरदारापाशी तीच चाले. तेव्हा मराठी माणूस आधी भोजपुरी शिकला, मग क्रिओल, आणि मराठी घरात राहिली. तीन भाषांची तीन कामे ठरली: शेजाऱ्याशी एक, बाजारात एक, देवापाशी एक.

तक्रार करायलाही भाषा लागते. मॅजिस्ट्रेटपुढे दुभाष्या जे सांगेल तेच खरे. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेले ओळखपत्र बाळगायची सक्ती झाली. ते जवळ नसले की पोलीस धरत. १८७१ साली अडॉल्फ द प्लेवित्झ नावाच्या, मळा सांभाळणाऱ्या एका युरोपीय गृहस्थाने या लोकांच्या वतीने अर्ज लिहिला. त्याखाली ९,४०१ जणांनी सह्या आणि निशाण्या केल्या. मळेवाल्यांनी त्यालाच बेटावरून हाकलून देण्याची मागणी केली! पण अर्ज पोचला. १८७२ साली रॉयल कमिशन आले, १८७५ साली त्याचा अहवाल निघाला आणि जाच थोडा सैल झाला. १९०१ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतताना तिथे उतरले होते. पुढे १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तिथे गेले आणि मजुरांचे खटले चालवू लागले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला.

आमच्या गावचा ऊस

हे सगळे वाचत होतो त्याच सुमारास, फेब्रुवारी २०१८ मध्ये, आमच्या शुगर लँडमध्ये शाळेच्या नव्या इमारतीचा पाया खणताना मानवी हाडे सापडली. एक नाही, ९५ माणसांची. १८७८ ते १९११ या काळातल्या त्या कबरी होत्या. चौदा-पंधराच्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, एक स्त्री धरून, सगळे कृष्णवर्णीय कैदी.

टेक्ससमध्ये गुलामगिरी संपल्याची घोषणा १९ जून १८६५ रोजी गॅलव्हेस्टनला झाली. ब्राझोसच्या खोऱ्यातल्या ऊसमळ्यांना माणसे मिळेनाशी झाली. मग राज्य सरकारने कैदी भाड्याने द्यायला सुरुवात केली. १८७८ साली कनिंगहॅम आणि एलिस या दोघा मळेवाल्यांनी टेक्ससचे कैदी ठेक्याने घेतले. उनाडकी, किरकोळ चोरी असल्या आरोपांवर धरलेली माणसे दलदलीत ऊस तोडायला उभी केली. ही पद्धत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बंद झाली. तुरुंगात रक्षक म्हणून नोकरी केलेले रेजिनाल्ड मूर नावाचे गृहस्थ कित्येक वर्षे सांगत होते की इथे माणसे पुरलेली आहेत. हाडे निघेपर्यंत फारसे कोणी ऐकले नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या ९५ जणांना त्याच जागी पुन्हा माती दिली. २०२० साली मूर वारले.

गिरमीट आणि तुरुंगाचा ठेका एकच, असे मी म्हणत नाही. मॉरिशसच्या मजुराला करार होता, मुदत होती, कुटुंब करता आले, शेवटी जमीन घेता आली. पण हिशेब एकच होता: १८३५ नंतर तिथे आणि १८६५ नंतर इथे, साखरेने गुलाम गेल्यावर दुसरा बांधलेला माणूस शोधला. आणि मला राहून राहून एक गोष्ट जाणवते. त्या कारकुनाने रत्नाघेरी लिहिले, चुकीचे लिहिले, पण लिहिले. आमच्या गावात कबरी सापडल्या तेव्हा एकीवरही नाव नव्हते. मी ज्या जमिनीवर घर घेतले, गवत कापले, गराज सेल लावला, तिच्याबद्दल वीस वर्षांत एकदाही विचारले नव्हते की इथे ऊस कोणी तोडला.

मामांचे गाव

डिसेंबर २०१९ मध्ये पुण्याला गेलो होतो, तिथून मुंबईमार्गे आम्ही चार दिवस मॉरिशस गाठले. सहकाऱ्याचे मामा बेटाच्या पश्चिमेला, काळ्या नदीच्या जिल्ह्यात राहतात. हा भाग मराठी वस्तीचा. जवळच कास्काव्हेल गावात विठ्ठल-रखुमाईचे देऊळ आहे. हंगाम संपलेला, नवा ऊस गुडघ्याएवढा. एके काळी बेटावर दोनशेहून जास्त साखर कारखाने होते. आता बोटांवर मोजण्याइतके उरले. मामांचा एक छोटा तुकडा आहे. त्यात ऊस परवडत नाही, असे ते म्हणाले. ही तक्रार मात्र थेट सांगली-कोल्हापूरची!

"कि मान्येर?" म्हणजे कसे काय, असे मी पाठ केलेले क्रिओल टाकले. मामा खूश झाले आणि भरधाव सुटले. माझे क्रिओल तिथेच संपले. घरात बोलणे सगळे क्रिओलचे. पण काका, मामा, मावशी, आजी ही नाती तशीच्या तशी. मामींच्या स्वयंपाकघरात चटणी म्हणजे 'सातिनी', आणि कोथिंबीर 'कोतोमिली', तमिळ शेजाऱ्यांकडून आलेली. संध्याकाळी मामींनी झाकरीची गाणी म्हटली. ही आपली कोकणातली जाखडी. गोल फिरून, ठेका धरून नाचायची. गाणी मराठी, मामींना तोंडपाठ. मधूनच त्या थांबून विचारत, या शब्दाचा अर्थ काय? दोन शब्द मलाही आले नाहीत. माझ्या आजीला आले असते.

आणि मग मामांची नात पुढे आली. वय अकरा. तिथे सरकारी प्राथमिक शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठीचे शिक्षक तयार होतात, मराठी नाटकांच्या स्पर्धा होतात, १९९१ साली तर जागतिक मराठी परिषदच तिथे भरली होती. ती मुलगी हात जोडून म्हणाली, "नमस्कार. आपले स्वागत आहे. आपला प्रवास सुखकर झाला का?"

माझी मुलगी माझ्या कानाशी लागली: "बाबा, ही बातम्यांसारखी का बोलते?"

मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. २०११ च्या जनगणनेत तिथल्या दहातल्या आठांहून अधिक लोकांनी घरची भाषा क्रिओल सांगितली. मराठी घरातून गेली ती कोणाच्या आळसाने नाही. तिचे घरातले काम संपले म्हणून गेली. उरली ती देवापाशी. आणि देवापाशी उरली म्हणूनच, शंभर वर्षांनी का होईना, तिला शाळेत बोलावता आले. तो फळ्यावरचा मार्ग खरा, पण त्या मार्गाने येते ती सोवळ्यातली मराठी. त्या मुलीला निबंध लिहिता येतो, भांडता येत नाही. माझ्या मुलीला भांडता येते, लिहिता येत नाही. एक अर्धी भाषा शुगर लँडला आणि एक अर्धी मोरसला, असा हा हिशेब. आणि त्या दोघी चार दिवस एकमेकींशी बोलल्या त्या इंग्रजीत.

परत आल्यावर मी मुलीला मराठी शाळेत जा म्हणून म्हटले नाही. म्हणणार होतो, तेवढ्यात कोविडने शाळाच बंद झाली. पुढे एके दिवशी तिच्या टॅबवर मोरसहून निरोप आला, देवनागरीत, शुद्ध. ती मला विचारायला आली, "बाबा, हे काय लिहिलंय?" मी म्हटले, तूच बघ, अक्षरे येतात ना थोडी. अर्ध्या तासाने तिने लावले. तिकडची पोरगी विचारत होती की धाकटा भाऊ सारखा त्रास देतो, तर त्याला मराठीत काय म्हणावे? पुस्तकात सापडत नाही.

माझ्या मुलीने क्षणभरही विचार न करता रोमन अक्षरांत उत्तर पाठवले: "जा ना रे, डोकं नको खाऊस!"

तिकडून हेच वाक्य देवनागरीत परत आले, आणि खाली प्रश्न, की 'खाऊस' मधला 'ऊ' दीर्घ का. तो माझ्याकडे वळता झाला. असो. ती आता हायस्कुलात आहे, शाळेत स्पॅनिश शिकते, मराठी वाचते ती हळूहळू, बोट ठेवून. तो प्रश्न, "मी बोलणार कोणाशी?", तिने परत विचारलेला नाही.